लिस्बनचा पहिला दिवस: चढ यंत्राने, उतार पायाने

लिस्बन सात टेकड्यांचं शहर आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी त्यातल्या दोन कळल्या तरी पुष्कळ झालं. नदीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, किल्ल्याची टेकडी. तिच्या अंगाखांद्यावर अल्फामा आणि मुरारिया या जुन्या वस्त्या. उजव्या हाताला शियादु आणि बाइरो आल्तुची टेकडी. दोन्हींच्या मधे एक सपाट घळ, तिचं नाव बायशा. घळीच्या वरच्या तोंडाला रोसियो चौक, खालच्या तोंडाला नदी. तेजो नदी इथे इतकी रुंद आहे की नवखा माणूस तिला समुद्रच समजतो. एवढा नकाशा डोक्यात बसला की फोनची बॅटरी संपली तरी माणूस हरवत नाही. उताराला लागलं की आज ना उद्या बायशात किंवा नदीवर पोचतोच.

पहिला दिवस हा नकाशा डोक्यात बसवण्यासाठीच द्यावा, असं माझं ठाम मत आहे. बेलेमचा मठ, सिंत्राचे राजवाडे, टाइल्सचं संग्रहालय कुठे पळून जात नाहीत. शहराचा उंच-सखलपणा न कळता त्यांच्यामागे धावणारी माणसं तिसऱ्या दिवशीही एकाच टेकडीवर तीनदा चढत असतात आणि गुडघ्यांना दोष देतात. लिस्बनमध्ये एकच नियम पाळायचा: चढायचं ते ट्रामने, लिफ्टने, सरकत्या जिन्याने. उतरायचं ते पायी. बघण्यासारखं जे आहे ते सगळं उतारावरच आहे.

त्याआधी शरीराच्या घड्याळाचा हिशोब. भारतातून थेट विमान नाही. आखात, इस्तंबूल किंवा युरोपातलं एखादं शहर असं करत जावं लागतं, त्यामुळे प्रवास लांबतो. लिस्बन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे रात्री अकराला झोपणाऱ्या माणसाला तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहालाच डोळे मिटावेसे वाटतात आणि पहाटे अडीच-तीनला टक्क जाग येते. याच्याशी भांडू नये. पहाट आपली, संध्याकाळ गावाची, असं मानून दिवस आखावा. मुख्य जेवण दुपारी घ्यावं. तिथे रात्री आठला जेवायला बसतात, तेव्हा आपलं पोट भारतातल्या मध्यरात्रीत असतं. भरपेट जेवलं की झोप आणि पचन दोन्ही बिघडतात.

विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रो तिथूनच सुटते. लाल मार्गावर सांव सेबाश्तियांव दिशेची गाडी धरायची, आलामेदाला उतरून हिरव्या मार्गावर काइश दु सोद्रे दिशेची गाडी घ्यायची आणि रोसियो किंवा बायशा-शियादुला उतरायचं. पाट्यांवर दिशा म्हणून शेवटच्या स्थानकाचं नाव असतं, तेवढं लक्षात ठेवावं. अर्ध्या-पाऊण तासात माणूस शहराच्या मध्यावर येतो. गाड्या सकाळी साडेसहा ते रात्री एकपर्यंत चालतात.

तिकिटाचं प्रकरण मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेकांचा पहिला गोंधळ त्या यंत्रासमोरच होतो. आधी ‘नावेगान्ते’ नावाचं कागदी कार्ड घ्यावं लागतं. त्याची किंमत ५० सेंट. कार्ड माणशी एक लागतं. नवरा-बायको एका कार्डावर दोनदा टेकवून आत जाऊ शकत नाहीत. त्यावर दोनपैकी एक गोष्ट भरता येते. एक म्हणजे २४ तासांचा पास, सात युरोंच्या आसपास. दुसरी ‘झॅपिंग’, म्हणजे कार्डात पैसे भरून ठेवायचे आणि प्रत्येक फेरीला वळते होऊ द्यायचे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एका कार्डावर राहत नाहीत. पास संपेपर्यंत त्याच कार्डात पैसे भरायला गेलं तर यंत्र नकार देतं, मागे रांग ताटकळते आणि माणूस घाईत भलतंच बटण दाबतो. दोन कार्डं घ्यावीत आणि पेनाने खुणा करून ठेवाव्यात. पन्नास सेंटात मोठी कटकट वाचते.

पासाचे २४ तास पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून मोजतात, कॅलेंडरच्या दिवसाप्रमाणे नाही. दुपारी दोनला सुरू केला तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतो, म्हणजे आगमनाची संध्याकाळ आणि दुसरी सकाळ दोन्ही त्यात बसतात. मेट्रो, बस, ट्राम आणि सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट त्यात धरलेली आहे. नदीपलीकडे जाणारी होडी साध्या पासात नाही. ती झॅपिंगवर करावी. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा चढ-उतर होणार असेल तर पास परवडतो. ट्रामच्या चालकाकडून रोख तिकीट घेतलं तर एका फेरीला तीन युरोंच्या वर जातात. मेट्रोतून बाहेर पडतानाही कार्ड टेकवावं लागतं, म्हणून ते पिशवीच्या तळाशी टाकू नये.

पत्ता वाचायला आधीच शिकून घ्यावं. जुन्या वस्तीतली घरं अरुंद, चार-पाच मजली आणि बहुधा लिफ्ट नसलेली. पत्त्यात ‘३º एश्क’ असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तिसरा मजला, डावीकडचं दार. ‘दितु’ म्हणजे उजवीकडचं. तळमजल्याला ‘आर-सी’ अशी दोन अक्षरं. जिना लाकडी, उभा आणि वळणाचा असतो. वीस-बावीस किलोची बॅग त्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेणं ही पहिल्या दिवसाची सगळ्यात मोठी मेहनत ठरते, तेव्हा बुकिंग करतानाच लिफ्टची चौकशी करावी. खोली दुपारी तीनच्या आधी क्वचितच मिळते. सामान आधी ठेवू देतील का हे विचारून ठेवावं, नाहीतर पैसे देऊन लॉकर घ्यावा. अल्फामातलं घर फोटोत सुंदर दिसतं, पण तिथल्या कित्येक गल्ल्यांत टॅक्सी शिरतच नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पहिला मुक्काम बायशात किंवा मेट्रो स्थानकाच्या जवळ सपाटीवर करावा.

आता पायाखालचं. लिस्बनचे पदपथ हाताने बसवलेल्या चुनखडीच्या लहान दगडांचे आहेत. पांढऱ्या दगडात काळ्या दगडाची नक्षी. रोसियो चौकात हीच नक्षी लाटांची आहे आणि सपाट जमीनही डोळ्यांना हलल्यासारखी वाटते. कारागीर दगड हातात धरून हातोडीने घडवतो, वाळूच्या थरावर एकाला एक भिडवून बसवतो आणि वरून ठोकतो. पण लाखो पावलांनी हे दगड काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. कोरड्यात ठीक, भुरभुर पाऊस पडला की उतारावर भलेभले घसरतात. नोव्हेंबर ते मार्च हा पावसाचा काळ. रबरी, मऊ, खाचांच्या तळाचे बूट हवेत. कडक प्लास्टिकचा किंवा चामड्याचा तळ नको, टाचांच्या सँडल तर नकोतच. ओल्या दिवशी पदपथ सोडून पायऱ्यांची वाट धरावी आणि कठड्याला हात ठेवावा. चाकांच्या बॅगा दगडांच्या फटींत अडकतात, लहान चाकं मोडतात. चार मोठ्या चाकांची किंवा पाठीवरची बॅग बरी.

पहाटे जाग आलीच आहे तर तिचं सोनं करावं. अठ्ठावीस क्रमांकाची पिवळी ट्राम सगळ्या जगाला ठाऊक आहे, म्हणूनच दहानंतर मार्तिम मोनिझच्या तिच्या पहिल्या थांब्यावर तासातासाची रांग लागते आणि आतल्या गर्दीत खिसे कापले जातात. तीच ट्राम सकाळी आठच्या आत बायशातल्या रुआ दा कोन्सेइसांवच्या थांब्यावरून धरली तर बसायला खिडकी मिळते. ट्राम येताना हात दाखवायचा, पुढच्या दाराने चढायचं, कार्ड टेकवायचं, मागच्या दाराने उतरायचं. लाकडी बाकांचे हे डबे १९३० च्या दशकातले आहेत, नंतर नव्या मोटारी आणि ब्रेक बसवलेले. नवी लांब ट्राम इथे चालवता येत नाही, कारण वळणं आणि चढ दोन्ही तिला झेपत नाहीत. रूळांमधलं अंतर फक्त ९०० मिलिमीटर आहे. कॅथेड्रलच्या पुढे ती चढाला लागते तेव्हा चाकांचा चीत्कार ऐकू येतो. पुढे एश्कोलास जेराइशच्या गल्लीत एकच रूळ आहे. समोरून येणाऱ्या ट्रामसाठी सिग्नलला थांबावं लागतं आणि घरांच्या भिंती इतक्या जवळ येतात की खिडकीबाहेर कोपर काढलेलं परवडत नाही.

आपण मात्र त्या गल्लीच्या आधीच, पोर्ताश दु सोलला उतरावं. शहर न्याहाळायचा हा सज्जा पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून इथे सकाळीच यायचं. संध्याकाळी सूर्य पाठीमागे टेकडीआड जातो. जूनमध्ये सव्वासहाला उजाडतं, डिसेंबरात जवळजवळ आठ वाजतात. खाली अल्फामाची लाल कौलं, त्यांच्या पलीकडे नदी. १७५५ च्या भूकंपात या टेकडीचं नुकसान तुलनेने कमी झालं, कारण ती खडकावर आहे. म्हणून मध्ययुगीन गल्ल्यांची गुंतागुंत तशीच राहिली. इथून खाली पायी उतरायचं. रस्त्याच्या नावावरून पुढे काय येणार ते कळतं: ‘बेकु’ म्हणजे बोळ, बहुधा पुढे बंद. ‘एश्कादिन्याश’ म्हणजे पायऱ्या. ‘कालसादा’ म्हणजे चढाचा रस्ता. ‘लार्गु’ म्हणजे छोटा चौक, बसायला जागा मिळण्याची शक्यता. फोनचा नकाशा इथे दगा देतो. उंच भिंतींत उपग्रहाचा संकेत उडतो, आणि नकाशावर शेजारी दिसणारे दोन बोळ प्रत्यक्षात तीन मजल्यांच्या फरकाने खाली-वर असतात. नकाशा खिशात ठेवून उताराची दिशा धरली तर वीस मिनिटांत नदीकाठी पोचता येतं. पहाटे लोक झोपलेले असतात, खिडक्या रस्त्याच्या पातळीवर असतात. आवाज बेताचा ठेवावा.

बायशात येईपर्यंत दुकानं उघडतात. या सपाट भागावर माझा जीव आहे, आणि पर्यटक नेमका हाच भाग खरेदीत संपवतात याचं वाईट वाटतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला चर्च भरलेली असताना, भूकंप झाला. वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या. इमारती कोसळताहेत म्हणून लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले आणि थोड्या वेळाने तिथे समुद्राची लाट शिरली. आग कित्येक दिवस धुमसत राहिली. राजवाडा गेला, तो जिथे होता त्या चौकाला लोक अजून तेर्रेइरु दु पासु, म्हणजे राजवाड्याचं अंगण, असंच म्हणतात. पाटीवरचं प्रासा दु कोमेर्सिउ हे नाव नंतरचं.

पुढे पोंबाल या नावाने ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने मानुएल दा माया या वयोवृद्ध अभियंत्याकरवी घळ नव्याने आखून घेतली: सरळ रस्ते, काटकोन, ठरलेल्या उंचीची घरं. रस्ते धंद्यांना वाटून दिले. सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा. पुण्याच्या तांबट आळीसारखी धंद्यांवरून पडलेली ही नावं, धंदे उठून गेले तरी टिकली आहेत. खरी करामत भिंतींच्या आत आहे. दगड-चुन्याच्या भिंतीत लाकडाचा सांगाडा, उभे-आडवे वासे आणि त्यांना छेदणारे तिरपे फुलीचे वासे. त्याला ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली तर भिंतीचा दगड ढासळेल, पण पिंजरा लवेल आणि मजला डोक्यावर येणार नाही. त्याचा नमुना करून भोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तपासल्याचं सांगतात. पाया नदीच्या गाळात असल्यामुळे खाली पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकलेले आहेत. ते पाण्यात बुडालेले आहेत तोवर टिकतात. भूजल खाली गेलं आणि हवा लागली की कुजतात. रुआ दुश कोर्रेएइरुशमधल्या एका बँकेच्या तळघरात हे खुंट आणि त्याखालचे रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद बघता येतात. मार्गदर्शकासह फेरी असते, ती मोफत आहे, पण वेळ आधी ठरवावी लागते. पहिल्या दिवशी एकच ‘स्थळ’ करायचं असेल तर हे करावं.

रोसियोला लागून असलेल्या सांव दोमिंगुशच्या चर्चमध्ये पाच मिनिटं जावं. १९५९ मध्ये ते आतून जळालं. दुरुस्ती झाली, छत नवं घातलं, पण खांब तसेच ठेवले. दगड उष्णतेने तडकून पापुद्रे निघालेले, कडा गोल झालेल्या, काही ठिकाणी बोटभर खोल भेगा. बाहेरच्या चौकात १५०६ साली इथे मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे.

जेवण साडेबाराला, घाई असलेल्या नोकरदारांच्या रांगेत. ‘प्रातु दु दिया’ म्हणजे आजची थाळी, फळ्यावर खडूने लिहिलेली. स्वस्त आणि ताजी. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. ज्याला हात लावला त्याचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत पाठवावं, कोणी वाईट मानत नाही. शाकाहारी माणसाने जरा सावध राहायला हवं. ‘काल्दु वेर्द’ हे बटाटा आणि पालेभाजीचं सूप दिसायला निर्मळ, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात. ‘सेंइ शोरिसु’ म्हणावं. ‘तोश्ता मिश्ता’ या भाजलेल्या सँडविचमध्ये हॅम असतं. सॅलडवर ट्यूना येतो. ‘मांस नको’ एवढ्याने मासे आणि हॅम वगळले जातीलच असं नाही, तिन्हींची नावं घ्यावीत. लुमियार भागात हिंदू समाजाच्या राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी जेवण मिळतं. दीव आणि मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी तो समाज उभा केला आहे. पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पहिल्या दिवशी तिकडे धावू नये. मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी किराणा दुकानं आहेत. डाळ-तांदूळ, पोहे मिळून जातात.

कॉफी काउंटरवर उभ्याने प्यावी, बसलं की दर वाढू शकतो. ‘बिका’ म्हणजे दोन घोटांची कडक कॉफी. ‘गालांव’ म्हणजे उंच ग्लासात भरपूर दूध घालून. आपल्या जिभेला ती जवळची. गर्दीच्या बेकरीत आधी नंबराची चिठ्ठी घ्यायची असते किंवा आधी पैसे भरायचे असतात; नुसतं उभं राहिलं तर कोणी विचारत नाही. ‘पश्तेल द नाता’ गरम असतानाच, वर दालचिनी भुरभुरून खावं. त्यात अंडं असतं. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’, बाईने ‘ओब्रिगादा’. स्पॅनिशमध्ये सुरुवात करू नये, त्यापेक्षा सरळ इंग्रजी चालतं.

दुपारी दोननंतर डोळे जड होतात. खोलीवर जाऊन आडवं झालं की संपलं, रात्री आठलाच जाग येणार. उजेडात राहावं. बायशा-शियादु स्थानकाच्या खालच्या दाराने शिरून लांबलचक सरकत्या जिन्यांनी वर शियादुत निघता येतं. त्यासाठी तिकिटाच्या फाटकातून जावं लागत नाही, म्हणजे चढ फुकट. दुसऱ्या बाजूलाही अशीच सोय आहे: रुआ दुश फान्केइरुशवरच्या एका इमारतीत लिफ्ट, वर रस्ता ओलांडून थोडं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी, ती थेट किल्ल्याच्या तटाखाली सोडते. सांता जुश्ताच्या १९०२ च्या लिफ्टसमोर तासभर उभं राहण्यात अर्थ नाही. शियादुतून कार्मु चौकात चालत गेलं की तिच्या वरच्या पुलावर मागून पोचता येतं. शेजारीच कार्मुच्या मठाचं बिनछपराचं चर्च आहे, भूकंपाने उघडं पडलेलं. पुलावरून बायशाची छपरं निरखावीत. दर थोड्या अंतरावर छपराच्या वर डोकावणाऱ्या भिंती दिसतील. एका घराची आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून त्या बांधल्या.

तरीही झोप आवरत नसेल तर काइश दु सोद्रेहून कासील्यासची होडी. दहा मिनिटांचा प्रवास, वारा तोंडावर, आणि परतताना ज्या दोन टेकड्या नि एक घळ दिवसभर पायांनी मोजली ती सबंध समोर उभी राहते. उन्हाळ्यातही पातळ जाकीट हवं. संध्याकाळचा उत्तरेचा वारा झोंबतो.

पैशांबद्दल थोडं. एटीएम बँकेला लागून असलेलं, मुल्तिबांकुच्या निळ्या-पांढऱ्या खुणेचं वापरावं. यंत्र ‘रुपयांत आकारू का’ विचारतं. नेहमी युरोच निवडावा, रुपयांच्या दरात त्यांची कमाई दडलेली असते. काही लहान खानावळी फक्त पोर्तुगीज कार्ड घेतात, म्हणून चाळीस-पन्नास युरो रोख हवेत. बायशात कोणी जवळ येऊन हळू आवाजात गांजा-चरस विचारतो. तो माल बहुधा बनावट असतो. मान हलवून चालू लागावं, थांबून बोलू नये. पासपोर्ट खोलीवर, त्याची छायाप्रत अंगावर. चोरी झालीच तर रेश्ताउरादोरेश चौकात पर्यटकांसाठी पोलीस ठाणं आहे. आणीबाणीचा क्रमांक ११२.

सूर्यास्तासाठी ग्रासाच्या किंवा सेन्योरा दु मोंतच्या सज्जावर जावं, ट्रामने. तिथून किल्ला, नदी आणि पूल एका नजरेत येतात. सांव पेद्रु द आल्कान्तारा पूर्वेकडे बघतो, त्यामुळे तिथे सूर्य दिसत नाही, पण समोरच्या किल्ल्यावर पडलेला त्याचा उजेड दिसतो. मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो. रात्री सूप आणि पाव पुरे. साडेनऊपर्यंत तग धरली तर दुसऱ्या दिवशी घड्याळ बरंच जागेवर येतं.

बेलेम दुसऱ्या दिवसासाठी राखावं. गोमंतकीय आणि मराठी माणसासाठी ती जागा साधी नाही. जुलै १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजं त्याच किनाऱ्यावरून निघाली, तो कोचीत १५२४ साली वारला आणि आज जेरोनिमुशच्या, म्हणजे बेलेमच्या मठाच्या, चर्चमध्ये त्याची कबर आहे. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकेर्कचा पुतळा जवळच्याच चौकात उंच खांबावर आहे. हे अर्धवट झोपेत बघायचं नव्हे. मठाच्या आतल्या चौकाचं तिकीट आदल्या रात्रीच फोनवर काढून ठेवावं आणि पंधरा क्रमांकाची ट्राम प्रासा दा फिगेइराहून, म्हणजे सुटते तिथूनच, धरावी. मधल्या थांब्यांवर ती भरून येते. मठ सोमवारी बंद असतो. दुसरा दिवस सोमवार आला तर बेलेम मंगळवारवर ढकलावं. त्या मंगळवारी किंवा शनिवारी सकाळी ग्रासाच्या उतारावर सांता क्लाराच्या मैदानात जुना बाजारही भरतो. तो दुपारी आवरता घेतात, तेव्हा आधी तो करून मग ट्राम धरावी.